दहा सशांचा चढलेला दाब

"पिंजरे धुणाऱ्या मावशींना आज संध्याकाळी कामावरून काढणार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याआधी मला पुरावा हवाय."

खाजगी गुप्तहेराने चष्मा कपाळावर चढवला. सोबत आलेला त्याचा मेहुणा पिंजऱ्यांत डोकावत होता. प्रयोगशाळेत उच्च रक्तदाबाचे वीस ससे होते. त्यातल्या दहांना रोज वीस मिनिटं ॲक्युपंक्चरच्या सुया टोचत. दोन महिने त्या दहांचा दाब उतरत गेला आणि आठ दिवसांपूर्वी अचानक चढला.

"मावशी पहिल्यापासून सुयांच्या विरुद्ध," डॉक्टरबाई म्हणाल्या. " त्यांनी खाण्यात नक्की काहीतरी कालवलंय."

"खाणं वेगवेगळं असतं?"

"नाही, सगळ्यांना एकाच पिंपातलं."

सुया टोचणारा सहायक घाईत होता. "सुया त्याच, जागा त्याच. उलट गेल्या आठवड्यात बाईंनी लाकडी खोकी आणल्यापासून काम झटपट होतं. सशाचं डोकं तेवढं बाहेर राहतं, सुया कानांतच तर टोचायच्या. आधी मावशी मांडीवर धरून बसायच्या."

"आणि बिनसुयांचे दहा?"

"त्यांना कशाला धरायचं? दाब मोजला की संपलं."

मावशी पिंजरे धूत होत्या. रडून डोळे सुजले होते. "एवढ्याशा जिवांना टोचता, असं मी तोंडावर बोलले. पण त्यांच्या वाईटावर कशी असेन हो? तेरा वर्षं झाली इथे. या वयात मला कोण कामावर ठेवणार?"

मेहुणा कुजबुजला, "भाऊजी, तो सहायकच. फार बोलत होता."

"तू त्याहून जास्त बोलतोस. तुला कुणी पकडलं का?"

गुप्तहेराने सुया न टोचलेला एक ससा उचलून मावशींच्या मांडीवर दिला. वीस मिनिटं त्यांचा हात सशाच्या पाठीवरून फिरत राहिला. मग सहायकाने दाब मोजला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजला. उतरला होता.

"पिंपात काही कालवलं असतं तर वीसही ससे बिघडले असते," गुप्तहेर म्हणाला. "सुया बदलल्या नाहीत. बदललं एवढंच, की मांडी गेली आणि खोकं आलं. मांडी मिळत होती ती फक्त सुयांच्या सशांना. बाई, इथे कुणी गुन्हेगार नाही. पण दाब सुयांनी उतरला, असंही आता म्हणता येणार नाही."

तयारीपासूनची बाईंची दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती. मावशींना काढून ठपका त्यांच्यावर ठेवला, तर शोधनिबंध अजूनही वाचवता आला असता. हा विचार मनात आला, याचीच बाईंना लाज वाटली.

"मग मी उद्या येऊ का?" मावशींनी भीतभीत विचारलं.

"या. पहिल्यापासून सुरुवात करायचीय. आता वीसही ससे मांडीवर घ्यायचे, सुया असोत वा नसोत."

"वीस? अहो, मला मांडी एकच आहे!"

बाईंनी डोळे पुसले. "अर्धे मी घेईन," त्या म्हणाल्या. "कसे धरायचे, तेवढं शिकवा."