एपॉक्सीखालचा फोड

ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्या. मला कुणाला घाबरवायची हौस नाही. हे माझ्या नवऱ्यासोबत घडलं आहे, आणि उद्या सकाळी त्याचा निकाल लागणार आहे.

गेल्या पौषातली गोष्ट. देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाच्या मधोमध पुंजारामतात्यांचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथली पोहण्याची टाकी जुनी. आतला गिलावा इतका खडबडीत, की सहलीच्या पोरांचे गुडघे सोलून निघायचे. मी आणि माझे मिस्टर गोरक्षनाथ, दोघं मिळून अशी कामं घेतो.

मी म्हटलं, "तात्या, जुनं फोडून नवीन प्लास्टर करा. टिकेल."

तात्या एक नंबरचा हेकट माणूस. "फोडायचं न्हाई. सहली यायच्यात. वरून एपॉक्सी मारा, निळाशार."

एपॉक्सी रंगाला कोरडी जमीन लागते. ओल असली की रंग सुटतो. म्हणून संध्याकाळी आम्ही तळाला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला आणि घरी गेलो. खाली ओल असेल, तर सकाळी प्लास्टिक आतून पाणी धरतं.

सकाळी तुकडा कोरडा होता.

फक्त मधोमध... वाटीएवढी वाफ.

ती विरली. पुन्हा आली. पुन्हा विरली.

आरशाजवळ तोंड नेऊन कुणी श्वास सोडावा, तशी.

प्लास्टिक हळूच वर येत होतं... आणि खाली बसत होतं. वारा नव्हता. उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

"अहो, हात लावू नका," मी म्हटलं.

"खाली पोकळी आसंल. हवा येत आसंल." हे वाकले आणि ब्लेडने प्लास्टिक कापलं.

आवाज आला. हवा बाहेर पडल्याचा नाही...

आत ओढल्याचा.

ह्यांचं तोंड बरोबर त्या चिरेवर होतं.

मग सगळं शांत. खाली ना भेग, ना ओल. तात्या काठावरून ओरडले, "कोरडं हाय न्हवं? मारा रंग." मी भांड भांड भांडले. ऐकतंय कोण. ह्यांनीच मुकाट्याने रंग कालवला.

काम उरकून, दोन दिवसांनी पहाटे मोटारसायकलवर निघालो. थंडी मरणाची. रस्त्यात ज्याच्या त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. माझ्याही.

ह्यांच्या तोंडातून... काहीच नाही.

घरी येऊन तोंडासमोर आरसा धरला. काच स्वच्छ राहिली. डॉक्टरांनी छाती तपासली, ठणठणीत म्हणाले. आरशाचं सांगितलं तर हसले. असं वर्ष काढलं मी.

परवा तात्यांचा फोन आला. "तुमच्या एपॉक्सीला फोड आलाय. टाकी मोकळी केलीय, या बघायला."

तळाला, त्याच जागी, वाटीएवढा फोड होता.

फुगत होता... बसत होता.

मी ह्यांच्या छातीकडे पाहिलं. दोन्ही एकाच वेळी.

मी फोडावर तळहात ठेवला. कोमट होता. थोडासा दाबला.

मागे धप्पकन आवाज झाला.

हे गुडघ्यावर बसले होते. तोंड उघडं, डोळे पांढरे. मी हात काढला, तेव्हा कुठे छाती हलली.

तात्या काठावरून म्हणाले, "तुझंच खरं हुतं बाई. समदं फोडून प्लास्टरच करू. सोमवारी ब्रेकरवाले येत्यात."

मी पाया पडले. "तात्या, फोडू नका. एपॉक्सीच राहू द्या."

"तवा म्हनत हुतीस फोडा, आता म्हनतीस नका फोडू. येडी हायेस का तू?"

फोडल्यावर ह्यांचा श्वास परत येईल, की तिथंच संपेल? मला माहीत नाही. माहीत असल्याशिवाय कुणी सल्ला देऊ नका.

आज रविवार. हे ओट्यावर बसून चहा पीत आहेत. बाहेर गारठा आहे. कपातून वाफ येते आहे, तोंडातून नाही.

तात्या सकाळपासून फोन उचलत नाहीत.