दोघांचं बोर्डिंग झालंय

ही ऐकीव गोष्ट नाही. सुनंदाताई माझी सख्खी मोठी बहीण, आणि तिनं उभ्या आयुष्यात कधी एक शब्द वाढवून सांगितला नाही. त्यातलं शेवटचं तर मी स्वतः हातात धरून पाहिलंय.

डिसेंबर २००६. गुडगाव. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात आमची दारं दिवसभर उघडी असत. या नव्या टॉवरात ताईला शेजारणीचं नावही माहीत नव्हतं. खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची, आणि त्यात रोवलेले बिल्डरांचे फलक.

त्या वर्षी श्रीरंगभाऊजींनी आपणहून बोटीची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, चार दिवस समुद्रात. सदतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दोघं कुठे निघाली होती.

ताईला समुद्राचं कौतुक नव्हतं.

तिला एका गोष्टीवर बोलायचं होतं.

पंचाहत्तर साली हिंदूराव हॉस्पिटलात तिची पहिली मुलगी गेली. तीन दिवसांची. भाऊजी दौऱ्यावर होते. तार मिळाली, तरी आले नाहीत. आले ते आठ दिवसांनी, आणि आल्यावर विचारलं, "जेवायला काय आहे?"

त्यानंतर एकतीस वर्षं त्या मुलीचा विषय नाही. ताईनं काढला की ते उठून जायचे.

"बोटीवरून उठून कुठे जातील गं?" ताई मला म्हणाली होती. "चार दिवस आहेत. एकदा चुकलो म्हणाले, की बस."

निघायच्या आदल्या संध्याकाळी सून क्षिप्रा म्हणाली, "आई, उद्या बाई येणार नाहीये. माझं प्रेझेंटेशन आहे. तेजूला कोण बघणार?"

ताईच्या मुलानं, नीरजनं, तिकिटाचा कागद वाचला. बोट पहिली रात्र मुंबईच्या बंदरातच काढणार होती. चढायच्या वेळा दोन. पहिल्या दिवशी दुपारी तीन ते सात. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते अकरा.

"मग प्रॉब्लेमच नाही. बाबा उद्या जातील, तू परवा सकाळच्या फ्लाइटनं जा."

"एकत्रच जाऊ की हो," ताई भाऊजींना म्हणाली.

"अगं, बोट काय पळून जातेय? मी पुढे होऊन खोली ताब्यात घेतो. तू ये सावकाश."

आयुष्यभर ते पुढे आणि ही सावकाश.

दुसऱ्या दिवशी भाऊजी एकटेच गेले.

संध्याकाळी साडेपाचला घरचा फोन वाजला. ताई नातीला दूध देत होती.

"हॅलो, पोचलो म्हणून सांगायला केला," भाऊजी म्हणाले.

"बरं झालं. जेवलात का?"

"कोण, क्षिप्रा? आवाज अगदी आईसारखा काढतेस हं."

"अहो, मी बोलतेय. सुनंदा."

भाऊजी हसले. "पुरे आता मस्करी. ती इथे कठड्यापाशी उभी आहे."

"कोण?"

"तुझी सासू! आधीचं विमान मिळालं म्हणे. माझ्या आधी गेटावर हजर."

आणि त्यांच्या मागे कुणीतरी हसलं.

तोंडावर पदर धरून हसल्यासारखं... दबकं.

ताईनं ते हसू ओळखलं. ते तिचंच होतं.

फोन कटला. पुन्हा लावला, तर लागेना. तिनं तिकिटावरच्या नंबरवर फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "मैडम, आपकी बुकिंग में दोनों का बोर्डिंग हो चुका है. चार बजकर दस मिनट पर."

"पर मैं तो गुड़गाँव में हूँ, बेटा."

"सिस्टम में तो दोनों अंदर हैं. फोटो भी खिंची है."

नीरज घरी आला आणि सगळं ऐकून हसला. "आई, कॉम्प्युटरची गडबड. आणि बाबा गंमत करतायत."

"तुझ्या बाबांनी कधी गंमत केलेली आठवते तुला?"

तो टाय सोडत आत गेला.

पहाटे ताई पालम विमानतळावर पोचली. बाहेर असं धुकं, की काचेपलीकडचं विमान दिसेना. सहाचं विमान आठला म्हणाले. मग दहाला. मग काहीच म्हणेनात.

अकरा वाजले. बोटीवर चढायची वेळ संपली.

ताई मांडीवर बॅग घेऊन तशीच बसून राहिली. बाराला नीरजनं सोबत दिलेला त्याचा मोबाइल तिच्या पिशवीत वाजला. आवाज तुटत होता, वारं घोंघावत होतं.

"नीरज... निघालो बरं का आम्ही..."

आम्ही.

मग चार दिवस फोन नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात भाऊजी, बॅग हातात, चेहऱ्यावर कधी नव्हे तो तजेला. ताईला बघून थबकले.

"तू आत कधी आलीस?"

"मी इथेच होते."

"लिफ्टमध्ये तर शेजारी उभी होतीस..."

त्यांच्या मागे लिफ्टचं दार अजून उघडं होतं. आत कुणीच नव्हतं. ते बराच वेळ बंद झालं नाही... मग झालं.

रात्री ताईनं विचारलंच. "बोटीवर आपण काय बोललो?"

भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"एकदा बोललो ना सगळं. त्या पोरीचं, तारेचं. चुकलो म्हणालो. पाया पडलो तुझ्या. तू रडलीस आणि म्हणालीस, झालं आता, पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"मी ऐकलं नाही हो. मला पुन्हा सांगा."

"शब्द दिलाय तुला."

तो शब्द त्यांनी पाळला. पाच वर्षांनी गेले, तोवर पाळला. आयुष्यात पाळलेला एवढा एकच.

ते गेल्यावर त्यांच्या कोटाच्या खिशात बोटीची दोन कार्डं निघाली. गेटावर फोटो काढून देतात ती. एकावर भाऊजी. दुसऱ्यावर नाव सुनंदाचं, वेळ चार दहा.

ताईनं ते माझ्या हातात दिलं.

चेहरा ताईचाच, तिच्या तिशीतला. पण कपाळावरचा देवीचा व्रण नव्हता. अंगावर मोतिया रंगाची, हिरव्या काठाची साडी.

मी ती साडी ओळखली. हिंदूरावला मीच होते ताईजवळ. तीच साडी फाडून आम्ही बाळ गुंडाळलं होतं. उरलेला अर्धा तुकडा मी माझ्या हातानं यमुनेत सोडला होता. भाऊजींनी ती साडी ओळखली नाही, कारण ते तिथे नव्हतेच.

"ताई," मी म्हणाले, "ही तू नाहीस."

"माहितेय मला."

"आपली पोर जगली असती, तर त्या वर्षी एवढीच..."

ताईनं मला पुढे बोलू दिलं नाही. कार्ड परत घेतलं, पदरानं पुसलं.

"माफी मागायची तर तिचीच मागायला हवी होती, प्रभा. ते ठीकच झालं." मग तिनं खिडकीबाहेर बघितलं. शेतं गेली होती, नुसते टॉवर. "पण माझी कुणी मागायची?"

ताईही गेली आता. नीरज बोलावतो, म्हणून कधीतरी जाते मी. माझे गुडघे गेलेत, तरी नऊ मजले जिन्यानं चढते.

त्या लिफ्टमध्ये शेजारी कुणी उभं राहिलं, आणि ते ताईसारखं दिसलं... तर मी काय बोलेन, याचा मला भरवसा नाही.