नम्र विनंती

उन्हाळ्याने माणसं मारायला सुरुवात केली, तेव्हापासून इशारे देण्याचं काम सरकारने 'साद'वर सोपवलं होतं. साद म्हणजे एक यंत्र. उन्हाची माहिती सगळ्यांसाठी एकच, पण ती प्रत्येकाला त्याच्या वळणाने सांगायची. एका देशात 'कृपया' म्हटलं की लोक ऐकतात, दुसरीकडे कारण दिल्याशिवाय कोणी हलत नाही, तिसरीकडे दंडाची भीतीच घालावी लागते. सादने हा हिशेब गल्लीबोळापर्यंत आणला होता. कोणती वस्ती कोणत्या सुराला किती मान तुकवते, त्या आकड्याला 'बोलगुण' म्हणत. खांबाखांबावर सादचे भोंगे होते आणि त्या भोंग्यांना कानही होते. इशाऱ्यानंतर रस्ता किती शांत झाला ते ऐकून यंत्र आपली भाषा सुधारत असे.

यशोधरा मेश्रामला हे सगळं कळलं ते आई गेल्यावर.

यशोधरा शाळेत शिकवायची आणि शिक्षक कॉलनीत राहायची. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या जुन्या वस्तीत. अंत्यविधी आटोपल्यावर आईचा फोन चाळताना तिला त्या दिवशीचा इशारा दिसला. 'दार लावून आत बसा. बाहेर दिसल्यास गुन्हा दाखल होईल.' तिने स्वतःचा फोन काढला. त्याच दुपारी, त्याच उन्हाबद्दल तिला आलेला इशारा असा होता: 'आपणांस नम्र विनंती. आज हवेत उष्म्याबरोबर फार दमटपणा आहे. त्यामुळे घाम वाळणार नाही आणि शरीर थंड होणार नाही. आपल्या घराचे छप्पर पत्र्याचे असल्यास कृपया घरात न थांबता जवळच्या सरकारी गारघरात यावे. तेथे थंड हवेची सोय आहे.'

शिक्षक कॉलनीत एकाही घरावर पत्रा नव्हता. आईच्या घरावर होता. आई सांगितल्याप्रमाणे दार लावून त्याखाली बसून राहिली होती.

सादच्या प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. अनघा वझलवार यांच्या टेबलावर यशोधराने दोन्ही फोन आपटले.

"वाचा! मोठ्याने वाचा!"

वझलवारबाईंनी वाचलं. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "हे शब्द कोणा माणसाने निवडलेले नाहीत, ताई. यंत्राने जुन्या नोंदी वाचल्या. प्लेगच्या, पुराच्या, दंगलींच्या. कुठले लोक कधी आणि कशाने हलले, ते पाहिलं. टेकडीवर कारणं सांगितली की लोक रेंगाळायचे. दम दिला की रस्ता रिकामा."

"म्हणजे माझ्या आज्याला पाटलाने दरडावलं, बापाला पोलिसाने काठी दाखवली, ते तुमच्या यंत्राने पाठ केलं!"

"हो." बाईंनी नजर चुकवली नाही. "आणि रस्ता रिकामा झाला की यंत्राच्या लेखी काम फत्ते. बंद दारामागे काय होतं ते भोंग्याला ऐकू येत नाही. ही आमची चूक."

"चूक? माही माय ऐकून ऐकून मेली!" इतक्या वर्षांची शाळेतली भाषा एका क्षणात गळून पडली. "दुसरं काही नको मला. माझ्या फोनवर येतो तोच मेसेज टेकडीवर पाठवा. विनंती करा. कारण सांगा. आम्हाला डोकं आहे!"

"पाठवते. पण बोलगुण सांगतो की विनंतीला तिथे कोणी हलणार नाही."

"आकडा चुलीत घाला. माझी माणसं मला माहीत आहेत."

पुढच्या लाटेच्या दिवशी यशोधरा सकाळीच टेकडीवर गेली. उन्हं चढली, भोंगा खाकरला आणि गोड आवाजात म्हणाला, 'आपणांस नम्र विनंती...' कारण सांगितलं, पत्र्याचं सांगितलं, गारघराचा रस्ताही सांगितला. तिचे डोळे भरून आले. मग ती दारं उघडण्याची वाट पाहू लागली.

एकही दार उघडलं नाही.

ती आईच्या शेजारच्या सोनाबाईंकडे धावली. म्हातारी ओलं फडकं डोक्यावर घेऊन पत्र्याखाली बसली होती.

"मावशी, ऐकलं नाही का? गारघरात चला!"

"ऐकलं ना वो. कॉलनीवाल्यायचा मेसेज चुकून इकडं आला असन. आपल्याले कोण विनंती करते?"

"मी भांडून आणलाय तो. आपल्यासाठीच आहे!"

"मंग एवढं काही नसन, पोरी. खरंच जिवावरचं असतं तर वरडले असते."

यशोधरा घरोघर फिरली. घाम का वाळत नाही ते वर्गात शिकवावं तसं समजावलं. लोकांनी कौतुकाने ऐकलं, पोरगी शिकली म्हणाले, तिला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. पत्र्यांना हात लावला तर पोळत होता. एका घरात लेकरू रडायचं थांबून नुसतं धापा टाकत होतं.

तिचं डोकं फिरलं. वझलवारबाईंवर, यंत्रावर, आज्यावर, दारं लावून बसलेल्या या आपल्याच माणसांवर तिला इतका संताप आला की खांबाखाली उभी राहून ती फाटक्या आवाजात किंचाळली.

"ए! निघा बाहेर! सगळे निघा! जो आत सापडेल त्याच्यावर केस टाकीन! रेशन बंद करीन! चला, गारघरात, मुकाट्याने!"

दारं धडाधड उघडली. माणसं लेकरं काखेत मारून, मान खाली घालून उताराला लागली. सोनाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. लहानपणी यशोधराला न्हाऊ-माखू घातलेली ही बाई तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली.

"निघतो, मॅडम. केस नका करू."

संध्याकाळी गारघरात यशोधराचा फोन वाजला.

"टेकडीवर आज कोणी दगावलं नाही," वझलवारबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जड होता. "भोंग्याने तुमचं बोलणं ऐकलं, पाठोपाठ उघडलेली दारंही ऐकली. इतका बोलगुण आजवर कुठल्याच आवाजाला मिळालेला नाही. परवा पुन्हा असंच ऊन आहे. तुमचा आवाज सादला द्याल? कायद्याने परवानगी लागते. आमची नम्र विनंती आहे."

यशोधराने समोर पाहिलं. बाकं रिकामी होती, तरी सोनाबाई दाराजवळ फरशीवर बसल्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या, मॅडम उठा कधी म्हणतात त्याची वाट पाहत.

आयुष्यात कधी तोंडातून काढली नव्हती अशी शिवी यशोधराने फोनमध्ये हासडली. मग म्हणाली, "घ्या."