बाहेरून कडी

स्क्वॉश म्हणजे काय, हे अख्ख्या जठारपेठेत एकट्या शेषरावांना ठाऊक होतं, आणि त्यांनाही अर्धंच. पोरगा कुलदीप भिंतीवर चेंडू मारायच्या त्या खेळातला व्यावसायिक खेळाडू झाला, म्हणून त्यांनी अकोल्यातलं सरकीचं गोदाम रिकामं करून त्याला कोर्ट बांधून दिलं. उद्‌घाटनाला आलेल्या पुढाऱ्यानं "नेट कुठी हाय?" असं विचारलं आणि नारळ समोरच्या भिंतीवरच फोडला. तो डाग काही गेला नाही.

कोर्ट चकाचक झालं. दार मात्र गोदामाचंच राहिलं. कडी बाहेरून.

कुलदीप हरतच होता. आता अमरावतीची स्पर्धा हरला की खेळ बंद, पातूरला मामाच्या कृषी केंद्रात फवारणीची औषधं विकायची, असं ठरलं होतं. पोरगा जिंकणारच म्हणून आधीच पेढे वाटून बसलेल्या शेषरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मे महिन्यातली दुपार. पोरगा आत एकटाच भिंतीशी खेळत होता. शेषराव लग्नाला निघाले आणि गोदामाच्या जुन्या सवयीनं कडी लावून गेले. पंगतीत मठ्ठा पिताना आठवलं. धावत आले, तोवर ऊन उतरलं होतं. पत्रे करकरत होते. आत चेंडू वाजत होता. ठप्प. ठप्प.

कडी काढली. कुलदीप बाहेर आला. अंगावर घामाचा थेंब नाही.

"पानी पे रे बाबू."

"नको. माह्यं स्वेटर कुठी हाय?"

शेषरावांनी मागं पुन्हा कडी लावली. त्यानंतर कुलदीप कोर्टात शिरलाच नाही. सरावाची गरज नाही म्हणे.

अमरावतीत खरंच नव्हती. फायनलला ओमप्रकाश नावाच्या तगड्या गड्याला त्यानं स्वेटर घालून रडवलं. हात मिळवताना ओमप्रकाशनं हात झटकन मागं घेतला.

"काका, याले दवाखान्यात न्या. बर्फावानी लागून राहिला."

"हारला म्हणून जळू नको," शेषराव म्हणाले आणि कप घेऊन फोटोत मधोमध उभे राहिले.

अकोल्याला येताच ते कप कोर्टात ठेवायला निघाले. कुलदीप मागं मागं आला.

दारापाशी ते थबकले. आत चेंडू वाजत होता.

"आत कोन हाय रे?"

चेंडू थांबला. दारामागं कोणीतरी धापा टाकत होतं.

"बाबा," आतून कुलदीपचा आवाज आला, "कवापासून हाका मारून राहिलो. कडी काढा ना. लय उकडून राहिलं."

शेषरावांनी वळून पाहिलं. मागचा कुलदीप स्वेटरची बटणं लावत होता.

"बाबा," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात नागपूर हाय."

शेषरावांचा हात कडीवर होता. कडी पोळत होती.

ती नीट बसली आहे ना, तेवढं त्यांनी चाचपून पाहिलं.