सात नंबरचा दगड

कमलम्मा जिना चढतानाच ओरडत आल्या, "माझं घर बुडालं की हो!"

सोलापुरात, नव्या पेठेतल्या एका चादरीच्या दुकानावर उत्कर्षाची डिटेक्टिव्ह एजन्सी होती. तिचे मामा महिपती, निवृत्त ड्रिलमास्तर, हेच तिचे सहायक. मामांनी दचकून बाईंच्या पायांकडे पाहिलं. पाय कोरडे ठणठणीत होते.

"कागदावर बुडालं," कमलम्मांनी खुलासा केला.

मंद्रूपच्या पलीकडे त्यांच्या वाडीत विजेसाठी धरण होणार होतं. पाणी कुठवर चढेल ते दाखवायला एकाच उंचीवर दगड रोवले होते. दगडांच्या खालची घरं बुडणार, वरची राहणार. गल्लीत एकट्या कमलम्मांचं घर वर होतं. आणि काल सकाळी सात नंबरचा दगड त्यांच्या घराच्याही वर जाऊन बसला! सोमवारी बुडीत घरांची यादी कायम होणार होती.

"मालक गेल्यावर एकटीनं बांधलंय मी ते," कमलम्मा म्हणाल्या.

तासाभरात तिघं वाडीत पोचली. बाकीच्या दगडांचे आकडे नदीकडे, म्हणजे पश्चिमेला होते, सातचा पूर्वेला. आजूबाजूच्या भुसभुशीत मातीत ना चाकोरी, ना दगड ओढल्याची खूण. दगडाच्या एका अंगाला हिरवा धागा चिकटलेला. उत्कर्षानं बुडाची माती उकरली, तर तिथं बोटाची पिवळी रेघ.

"उलटा बसवलाय. घाई, दुसरं काय!" मामांनी निकाल दिला.

पहिला संशय रुद्रप्पावर. तो बुडीत घरांचं लाकूड विकत घ्यायचा, आणि कमलम्मांच्या सागवानी दारावर त्याचा डोळा होता.

"दार आवडतं म्हणून घर बुडवू व्हय?" तो भडकला. "हातगाडीबिगर मी वीट हलवत न्हाय!"

धरणाचे इंजिनिअर अभिमन्यू कावलेलेच होते. "दगड हलला असेलही, पण फेरमोजणीला दोन महिने लागतील. इथं आधीच ताप कमी आहे का? ती बजाबाई रोज विचारते, नव्या गावठाणात माझ्या शेजारचा प्लॉट कुणाला दिला?"

बजाबाई म्हणजे उतारावर कमलम्मांच्या खालच्या घरातली शेजारीण. ती भरली घागर घेऊन आली, डोक्यावरची हिरव्या लुगड्याची चुंबळ तिनं खुंटीला अडकवली.

"कमळी बुडू दे न्हाय तर तरू दे. चाळीस वरसं भांडतीया. सुटले म्हना!"

"रुद्रप्पाच!" मामा भाचीच्या कानात पुटपुटले.

उत्कर्षा हसली. तिनं सगळ्यांना दगडापाशी बोलावलं आणि गवंड्याकडून पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी मागवली. एक टोक सहाच्या दगडाशी, दुसरं सातच्या. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, हे गवंड्याच्या पोरालाही ठाऊक. सातचा दगड पुरुषभर वर निघाला.

"दिसलं?" इंजिनिअरकडे वळून ती म्हणाली. "आता हलवला कुणी? तुम्ही नाही. तुमच्या हातून आकडा नदीकडेच गेला असता. रुद्रप्पांना हातगाडी लागते, पण चाकोरी नाही. दगड ओढलाही नाही. म्हणजे तो डोक्यावरून आला, चुंबळीवरून. धागा हिरवा आहे."

सगळ्यांच्या नजरा एकीकडे वळल्या.

"आणि मामा, हा दगड उलटा नाही बसवलेला. देव मांडायच्या जन्मभराच्या सवयीनं बसवलाय. पूर्वेकडे तोंड करून, बुडाला हळदीचं बोट लावून. चोरी करतानाही त्या बाईला बिनपूजेचा दगड रोववला नाही."

"पन कशापायी?" कमलम्मांनी विचारलं.

"शेजारचा प्लॉट कुणाला दिला, हे बजाबाई रोज का विचारतात?"

बजाबाईनं पदर तोंडाला लावला. "सगळी गल्ली जानार, आन् ही एकटी हितं वर ऱ्हानार. मी तितं भांडायचं कुनाशी? हिचं घर यादीत आलं की ही माझ्या शेजारी येनार, म्हनून..." आणि ती हमसून हमसून रडू लागली. मामांनाही खिशातला रुमाल शोधावा लागला.

"हुच्ची! येडी!" कमलम्मा कानडी-मराठीत कडाडल्या. मग इंजिनिअरकडे वळल्या. "साहेब, हिनं तितंच गेलं पायजे का?"

"सक्ती नाही. सातचा दगड आजच जागेवर जाईल. घर रेषेच्या वर हवं, एवढंच."

"मग माझं परसू मोकळं हाय. ही हितंच घर बांधंल. उद्याच पाया खना म्हनावं."

सगळे आता नवं भांडण ऐकायला सज्ज झाले. पण बजाबाई डोळे पुसून परसात शिरली आणि पायाची जागा पावलांनी मोजू लागली.