छत्री नसलेली सावली

"पण छत्री कुठे गेली?" पिटुकलीने विचारलं.

"कुठली छत्री? डोकं ठिकाणावर आहे का?" लांबू म्हणाला. त्याची ही धाकटी बहीण एकदा प्रश्न विचारायला लागली, की थांबायचं नाव घेत नसे.

"ही सावली बघ ना. छत्रीची आहे. मग छत्री कुठाय?"

नव्या बाजाराच्या भिंतीवर जुन्या बाजाराचं लांबलचक चित्र लावलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुकानांची रांग, सगळी दारं सारखी हिरवी. मधल्या एका दारावर अर्धी गोल सावली पडली होती, कडेला झालर असलेली. आजूबाजूला छत्रीचा पत्ता नव्हता.

चक्री मात्र चित्राच्या अगदी जवळ गेली. चक्री म्हणजे लांबूची आतेबहीण. सुट्टी लागली की मामाकडे, म्हणजे लांबूच्या घरी, यायची आणि एका जागी म्हणून बसायची नाही, त्यावरून हे नाव पडलेलं. मामाचा फोटो स्टुडिओ होता. मागच्या सुट्टीत, ती रांग पाडण्याआधी, मामाने तिचे फोटो काढले होते आणि ते कॉम्प्युटरवर जोडून हे चित्र केलं होतं. बटण मामाने दाबलं होतं आणि तीन पायांच्या तिकाटण्यावरचा कॅमेरा चक्रीने फिरवला होता.

"चला, जागेवर जाऊन बघू," ती म्हणाली.

जुन्या बाजाराच्या जागेभोवती पत्रे ठोकले होते. दोन पत्र्यांमधल्या फटीतून पिटुकली सहज आत गेली, चक्री कशीबशी गेली, आणि लांबू कंबरेपाशी अडकला. त्याला दोघींनी ओढून काढलं. आत नुसती सपाट जमीन होती. दुकानांच्या पायऱ्यांपुरता फरशीचा पट्टा तेवढा उरला होता. त्यात एका जागी लोखंडी नळीचा तुकडा पक्का रोवलेला दिसला.

"छत्रीचा दांडा यात बसत असणार," लांबू म्हणाला.

पिटुकली खाली बसून फरशीच्या फटी उकरत होती. तिच्या बोटांना पिवळा चमकता चुरा लागला. मग तिच्या हाती दाते न पाडलेली एक किल्ली आली.

"किल्लीवाले आजोबा!" चक्री ओरडली. तिच्या सायकलच्या कुलपाची किल्ली हरवली, तेव्हा त्यांनीच दुसरी करून दिली होती. दोन दुकानांच्या मधल्या बोळकांडीच्या तोंडाशी छत्री लावून ते बसायचे. चित्रात ते कुठेच नव्हते.

तिघं धावत स्टुडिओत आली. मामा चहा पीत होता.

"मामा, किल्लीवाले आजोबा हल्ली कुठे बसतात?"

"गेले गं ते लेकीकडे. बाजाराच्या साहेबांनी नियम केला होता ना, चित्रात ज्याचं दुकान त्याला नव्या बाजारात जागा. आजोबा चित्रासमोर उभे राहून बराच वेळ स्वतःला शोधत होते. सापडले नाहीत. साहेब म्हणाले, चित्रात नाही म्हणजे तुम्ही नव्हताच. लोक हसले. काय करणार? कॉम्प्युटरने जोडलंय, चुकेल कसं?"

 मामा कामासाठी बाहेर पडताच चक्रीने कॉम्प्युटर उघडला. जोडण्याआधीचे सुटे फोटो अजून त्यात होते. मधल्या एका फोटोच्या अगदी कडेला छत्री होती, खाली किल्ल्या करायचं मशीन होतं आणि आजोबा होते. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. फोटो काढणार म्हणून ते तयार होऊन बसले होते.

"मग चित्रातून गेले कसे?" लांबूने विचारलं.

"माझ्यामुळे." चक्री म्हणाली. "मामाने सांगितलं होतं, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा पुन्हा यायला हवा. ओळखीच्या खुणा सापडल्या तरच कॉम्प्युटर नीट जोडतो. मला आइस्क्रीम खायची घाई होती. वाटलं, सगळी दारं सारखीच तर आहेत, आणि कॅमेरा एकदम पुढे फिरवला. कॉम्प्युटरलाही ती दारं सारखीच वाटली. आजोबांच्या अलीकडचं दार त्याने पलीकडच्या दारावर चिकटवलं. मधले आजोबा गडप झाले."

"आता साहेबांना सांगू या," पिटुकली म्हणाली.

"ते आपलं कशाला ऐकतील?" लांबूने डोकं खाजवलं आणि मग हळूच हसला. "पण आपण त्यांचाच फोटो काढला तर?"

दुसऱ्या दिवशी मामाचा कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन तिघं साहेबांच्या कचेरीत हजर झाली. मामालाही त्यांनी हाताला धरून नेलं. साहेबांच्या मागे भिंतभर एकसारखी लोखंडी कपाटं होती. फोटो काढायचा म्हटल्यावर साहेबांनी टेबलामागून खुर्ची काढून दोन कपाटांच्या मधोमध मांडली आणि ऐटीत बसले. चक्रीने मुद्दाम त्या दिवशीसारखाच कॅमेरा फिरवला. बऱ्याच खटपटीनंतर चित्र जोडून झालं. त्यात कपाटाला कपाट चिकटलेलं होतं. साहेब नव्हते.

"मी कुठे आहे?" साहेबांनी चष्मा पुसला.

"साहेब, चित्रात नाही म्हणजे तुम्ही नव्हताच," पिटुकली शांतपणे म्हणाली.

 चक्रीने आजोबांचा सुटा फोटो समोर धरला. साहेब तो बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"चूक माझी," मामा म्हणाला. "जोड तपासून बघायला हवा होता मी."

साहेबांनी स्वतः फोन लावला. आठवड्याने आजोबा आले. नव्या बाजारात, जिन्याजवळ, त्यांना जागा मिळाली. साहेबांनी सगळ्यांसमोर मुलांच्या पाठी थोपटल्या. "काय नजर आहे पोरांची!" सगळे म्हणाले. चक्रीला ते कौतुक नकोसं झालं. ती गर्दीतून आजोबांपाशी गेली आणि तिने घाईचं सगळं सांगून टाकलं.



"मशीन मी भंगारात दिलं गं," आजोबा म्हणाले. "आता कुठे लागणार, असं वाटलं. दुसरं येईल. हात बसायला वेळ लागेल, एवढंच." मग म्हणाले, "त्या दिवशी लोक हसले ना, तेव्हा मलाच वाटायला लागलं, खरंच बसत होतो का मी तिथे?"

चक्रीला रडू आवरेना. जुनी रांग आता नव्हती. तो फोटो पुन्हा काढणं कुणालाच शक्य नव्हतं.

संध्याकाळी तिने नव्या बाजारासमोर तिकाटणं उभं केलं. आजोबा आपल्या रिकाम्या जागेवर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तिने कॅमेरा थोडासा फिरवला, बटण दाबलं, पुन्हा थोडासाच फिरवला. पहिल्या फोटोत आजोबा आले, दुसऱ्यातही आले, तिसऱ्यातही आले.

"चक्रे, आइस्क्रीमवाला चाललाय!" लांबूने हाक मारली.

तिने मान वर केली नाही.

"झालं का गं पोरी?" आजोबांनी विचारलं.

"नाही आजोबा," चक्री म्हणाली, "अजून एक."