इंजिन चालू होतं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. मग मध्ये तोडायचं नाही. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय.

साडूचं काम माड ऐकण्याचं. हो, ऐकण्याचंच! सोंड्या भुंग्याच्या अळ्या माड आतून पोखरतात आणि बाहेरून झाड टवटवीत. म्हणून बुंध्यात पोलादी सुई रोवायची, तिची वायर यंत्राला जोडायची आणि हेडफोन लावायचे. अळी खात असली की कुरकुर येते. लवकर कळलं तर झाड वाचतं, नाहीतर वेळीच पाडता तरी येतं.

त्या मंगळवारी संध्याकाळी त्याने गोदामाच्या फाटकाजवळचा माड ऐकला, 'निरोगी' लिहिलं आणि सुई काढून घेतली. त्याच माडाखाली वॉचमनकाका रात्री खाट टाकायचे.

"मग झोपू ना बिनघोर?" काकांनी विचारलं.

"खुशाल झोपा," हा म्हणाला.

रात्री पाऊण वाजता साडू ताडकन उठून बसला. ऐकताना गाडीचं इंजिन चालूच होतं! त्या घरघरीत काय कपाळ ऐकू येणार? काकांचा फोन लागेना. तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला.

सव्वा वाजता काकांनीच फाटक उघडलं.

"काका, आधी खाट हलवा."

"आधी ऐका," काका म्हणाले. "इंजिन बंद करून."

इंजिनाचं तर त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं...

काकांनी बॅटरी धरली. त्याने सुई रोवली. हेडफोन लावले.

कुरकुर... नुसती कुरकुर...

मग एकदम थांबली. आत कुणीतरी श्वास घेत होतं. दबलेला... तुटक...

"साहेब... आता येतंय ना ऐकू?"

आवाज काकांचा. हेडफोनमधून.

त्याने मागे पाहिलं. कुणी नाही. बॅटरीही नाही. सुई तशीच सोडून तो पळाला.

सकाळी पोलिसांचा फोन आला. माड खाटेवर कोसळला होता, काकांसकट. शेजारच्या गिरणीवाल्याने रात्री साडेअकराला धप्प आवाज ऐकला होता, पण त्याला वाटलं, पोती उतरवतायत. डॉक्टरांनीही वेळ तीच सांगितली. साडू तिथेच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. "मीच मारलं त्यांना," एवढंच म्हणत राहिला.

क्रेनने बुंधा उचलला. जमिनीकडची बाजू वर आली. खाटेच्या फळ्यांनी दाबून धरलेली...

तिथे सुई होती. घट्ट रोवलेली. वायर खाली लोंबत होती.